एक कोटी निर्वासित, पटकीची साथ आणि पाच पैशांचे तिकीट

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांची सरकारी नोंद ९८ लाख ९९ हजार ३०५ आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली. एप्रिलमध्ये माणसे सीमा ओलांडू लागली आणि मे महिन्यात काही दिवशी एकेका दिवसात लाखभर लोक आत आले. महाराष्ट्राची त्या वर्षीच्या जनगणनेतील लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढी माणसे, तीही बहुतांशी पायी आणि रिकाम्या हातांनी आली. त्यांतली जवळपास ७५ लाख एकट्या पश्चिम बंगालमध्ये होती. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख, आणि तिथे निर्वासित आले १४ लाख. मेघालय, आसाम आणि थोड्या प्रमाणात बिहार यांच्या वाट्याला उरलेले आले.

वर्षअखेर ८२५ छावण्या उभ्या होत्या. त्यांत सुमारे ६८ लाख लोक राहत. उरलेल्या ३१ लाखांना नातेवाइकांनी, ओळखीपाळखीच्यांनी किंवा पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसांनी घरात घेतले होते. कलकत्त्याच्या कडेला सॉल्ट लेकच्या ओसाड जमिनीवर अडीच लाखांची वस्ती झाली. तिथे गटारासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत कुटुंबे राहत होती. नळाच्या एका तोंडाला गोणपाटाचा पडदा आणि दुसऱ्या तोंडाशी चूल, अशी ती घरे. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला आणि छावण्यांच्या सखल जमिनीत पाणी साचले. संडास, पिण्याचे पाणी आणि झोपायची जागा यांत काही अंतर उरले नाही.

या सगळ्याची जबाबदारी केंद्रातल्या ज्या खात्याकडे होती, त्या श्रम व पुनर्वसन खात्याचे मंत्री होते र. के. खाडिलकर. मार्च १९७१ च्या निवडणुकीत ते बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. त्यांच्या खात्याची एक शाखा कलकत्त्यात बसविण्यात आली, कारण दिल्लीत बसून रोजच्या लाखभर माणसांची नोंद, तांदूळ आणि ताडपत्री यांचा मेळ घालणे शक्य नव्हते. पैशांची तजवीज होती अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे. निर्वासितांच्या इतक्या मोठ्या प्रश्नाची दोन महत्त्वाची खाती एकाच वेळी दोन मराठी माणसांच्या हाती होती. तरीही महाराष्ट्रातल्या आठवणींत १९७१ म्हटले की युद्ध निघते, छावण्या निघत नाहीत.

छावण्यांत साथ आली ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची. १९६१ मध्ये इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरून ‘एल टोर’ जातीच्या जंतूने सुरू केलेली पटकीची सातवी जागतिक साथ १९६३ मध्ये पूर्व पाकिस्तानात आणि १९६४ मध्ये भारतात पोचली होती. १९७० मध्ये ती आफ्रिकेत शिरली. म्हणजे निर्वासितांचे लोंढे सुरू झाले तेव्हा जग एका महासाथीच्या मधोमध होते, आणि गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश तर या रोगाचे जुने घरच. जूनच्या आरंभी छावण्यांतून हजारो रुग्णांची खबर येत होती. सप्टेंबरपर्यंत नोंदलेल्या रुग्णांचा आकडा ४६ हजारांवर गेला. वाटेत, रस्त्याच्या कडेला गेलेल्यांची मोजदाद झाली नाही.

पटकी म्हणजे काय हे खाडिलकर जिथून निवडून आले त्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्याला सांगावे लागत नसे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते आणि वारीबरोबर पटकीही चाले, हा इथला शेकडो वर्षांचा अनुभव. गावोगाव वेशीबाहेर मरीआईची ठाणी आहेत ती याच भयाची. स्वातंत्र्याच्या आगेमागे वारकऱ्यांना यात्रेपूर्वी लस टोचून घ्यावी लागे. दंड सुजून ताप येई, म्हणून टोचणी चुकविणारेही असत. त्यामुळे १९७१ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘निर्वासितांत कॉलरा’ असे मथळे आले तेव्हा त्याचा अर्थ इथल्या वाचकाला नेमका कळत होता. उलट्या-जुलाब सुरू झाले की काही तासांत धडधाकट माणूस कोरडा पडतो, डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी सुरकुतते. उपचारच नसेल तर निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात आणि मारतो तो जंतूपेक्षा अंगातून गेलेल्या पाण्याचा तुटवडा.

जगाची पहिली मदत आली ती लशीच्या रूपाने. विमानांतून लाखो मात्रा आल्या आणि सुईऐवजी जोराच्या फवाऱ्याने लस टोचणाऱ्या ‘जेट’ पिचकाऱ्याही आल्या. देणाऱ्या देशांच्या दृष्टीने ही मदत सोयीची होती. ती पटकन पाठविता येते, मोजता येते आणि तिचे छायाचित्र निघते. पण तेव्हाची पटकीची लस थोड्यांनाच आणि काही महिन्यांपुरतीच वाचवीत असे. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाणे ती थांबवीत नव्हती. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवाशांना असलेली पटकीच्या लशीच्या दाखल्याची अटच काढून टाकली. छावणीत आजारी पडलेल्याला हवे होते ते पाणी, आणि तेही शिरेतून. सलाईनच्या बाटल्या, सुया, नळ्या आणि शीर शोधणारे प्रशिक्षित हात या चारही गोष्टींचा तुटवडा होता.

सीमेजवळच्या बनगाव या गावी २४ जून रोजी डॉ. दिलीप महालनबीस दाखल झाले. कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र होते, त्यात ते काम करीत. बनगावच्या रुग्णालयात त्यांच्या वाट्याला आलेल्या जागेत १६ खाटा होत्या. खाटा भरल्यावर रुग्ण जमिनीवर आले आणि जमीनही भरली. उलट्या आणि जुलाबांच्या राड्यात गुडघे टेकून सलाईन लावावे लागत होते. साठा दोन-चार दिवसांत संपणार हे दिसत होते. तेव्हा त्यांनी तोंडाने पाजण्याच्या द्रावणाकडे वळण्याचा निर्णय घेतला.

हे द्रावण नवे नव्हते. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच असा प्रयत्न प्रसिद्ध केला होता. साखर असली की आतड्याची भिंत मीठ आणि पाणी आत ओढून घेते, आणि पटकीतही ही यंत्रणा शाबूत राहते, हे साठच्या दशकात स्पष्ट झाले. ढाक्यात १९६८ साली डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर ते सिद्ध केले. परंतु ते सारे रुग्णालयाच्या चौकटीत, दर तासाला मोजमाप ठेवून झालेले प्रयोग होते. चिखलातल्या छावणीत, अप्रशिक्षित माणसांच्या हाती ही चीज द्यावी काय, याविषयी जाणकार डॉक्टरांनाच खात्री नव्हती.

महालनबीस यांनी कृती शक्य तेवढी सोपी केली. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यातल्या केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत वजन करून पुड्या भरायचे काम चाले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवीत. एका मोठ्या पिशवीत १६ लिटरचा ऐवज असे. बनगावला तो तोटी बसविलेल्या पिंपांत कालवीत आणि रुग्णाची आई, भाऊ, शेजारी मगात ते भरून नेऊन त्याला घोट-घोट पाजत. किती पाजायचे? तहान असेल तितके. खर्च पडला लिटरला ११ पैसे.

शुद्ध हरपलेल्या, घोट घेण्याची ताकद नसलेल्या रुग्णाला आधी सलाईनच द्यावे लागे. पण ते थोडे पुरे, कारण सावरल्यावर तो द्रावणावर येई. दोन महिन्यांत ३ हजार ७०३ रुग्णांवर हे उपचार झाले आणि त्यांपैकी १३५ दगावले. शेकडा ३.६. याआधी छावण्यांत हेच प्रमाण सुमारे ३० टक्के होते. हा अहवाल छापून यायला १९७३ उजाडले, आणि पहिल्यांदा तो नाकारलाही गेला होता. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मीठ-साखरेच्या या द्रावणाची संभाव्यतः शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून नोंद घेतली. पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ घालून तेच पाणी करायला बायकांना शिकवू लागल्या. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले; पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जगाने पाठविलेल्या सगळ्या मालात या द्रावणाइतके स्वस्त काही नव्हते आणि उपयोगाचेही दुसरे काही इतके ठरले नाही.

देणाऱ्या देशांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी एप्रिलअखेर निर्वासित उच्चायुक्त प्रिन्स सदरुद्दीन आगाखान यांच्याकडे सगळ्या मदतीच्या समन्वयाचे काम दिले आणि १९ मे रोजी जगाला आवाहन केले. पहिला अंदाज साडेसतरा कोटी डॉलरचा होता. निर्वासित वाढत गेले तसा तो अंदाज फोल ठरला. ऑक्टोबरमध्ये जागतिक बँकेने मार्च १९७२ पर्यंतच्या खर्चाचा आकडा काढला ७० कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या साडेसात रुपये दराने सव्वापाचशे कोटी रुपये. उच्चायुक्तांच्या समन्वयातून जमले सुमारे १८ कोटी ३० लाख डॉलर. काही देशांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी थेट दिले ते निराळे. ते सगळे धरूनही मोठा भार भारताच्याच तिजोरीवर राहिला.

सर्वांत मोठा देणगीदार देश होता अमेरिका. त्याचा वाटा सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरचा. अमेरिकी हवाई दलाच्या सी-१३० विमानांनी आगरताळ्याहून सुमारे २३ हजार निर्वासित गुवाहाटीला नेले आणि परतताना तांदूळ आणला. सोव्हिएत विमानांनीही अशीच ने-आण केली. पण निर्वासित ज्यांच्यामुळे निघाले त्या पाकिस्तानी राज्यकर्त्यांच्या पाठीशी अध्यक्ष निक्सन यांचे सरकार उभे होते. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये छावण्या पाहून गेले आणि त्यांनी आपल्याच सरकारवर टीका केली. डिसेंबरच्या आरंभी युद्धाला तोंड फुटताच अमेरिकेने भारताची ८ कोटी ७६ लाख डॉलरची आर्थिक मदत रोखली. निर्वासितांना दिलेली रक्कम आणि यजमानाकडून काढून घेतलेली रक्कम जवळपास सारखीच भरते. दाता देश आपले धोरण बाजूला ठेवून दान देतो, हा समज इथे टिकत नाही.

अलीकडच्या महासाथीतही हेच चित्र निराळ्या तपशिलांनी दिसले. कोरोनासाठी संयुक्त राष्ट्रांनी २५ मार्च २०२० रोजी दोन अब्ज डॉलरचे आवाहन केले. निर्वासित आणि संकटग्रस्त देशांसाठीच्या या योजनेचा आकडा त्याच उन्हाळ्यात दहा अब्जांवर गेला, आणि वर्षअखेर त्यातला निम्माही पैसा जमलेला नव्हता. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. कारण दिले घरच्या तिजोरीवरच्या ताणाचे. त्या वर्षी म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या कॉक्स बझार इथल्या छावण्या सांभाळत होता बांगलादेश. १९७१ मध्ये ज्यांनी सीमा ओलांडली, त्यांचाच देश आता यजमान होता. छावण्यांत कोरोनाचा पहिला रुग्ण मे २०२० मध्ये सापडला, आणि लसीकरण सुरू व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडले.

भारताने १९७१ मध्ये घरचा पैसा कसा उभा केला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नव्हती, आजही नाही. म्हणजे कागदोपत्री बांधिलकी काही नव्हती. चव्हाणांनी मे महिन्यात मांडलेल्या अर्थसंकल्पात निर्वासितांसाठी ६० कोटी रुपये धरले होते. ते पुरणार नव्हते हे तेव्हाच उघड होते. पावसाळ्यात २०० कोटींची पुरवणी मागणी आली. बाहेरची मदत आश्वासनांपेक्षा मागे राहते हे दिसल्यावर ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाले आणि १५ नोव्हेंबरपासून नवे कर लागू झाले: रेल्वेच्या तिकिटावर, देशांतर्गत विमानाच्या तिकिटावर, काही दस्तऐवजांच्या मुद्रांकावर, वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर दोन पैसे आणि टपालावर पाच पैसे. राज्यांनाही आपल्या परीने भार उचलायला सांगण्यात आले. महाराष्ट्रात तो बसच्या तिकिटावर आला.

टपालाचे पाच पैसे गोळा करायला वेगळे तिकीट हवे होते आणि ते छापायला वेळ नव्हता. म्हणून चलनात असलेले कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे तिकीट घेतले आणि नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये त्यावर हिंदी-इंग्रजीत ‘शरणार्थी सहायता’ असा ठसा उठविला. लहान कुटुंबाचा प्रचार करणाऱ्या तिकिटावर एक कोटी माणसांच्या मदतीचा शिक्का, हा योग सरकारने मुद्दाम जुळवून आणला नसावा. नाशिकची तिकिटे सगळीकडे वेळेवर पोचली नाहीत, तेव्हा अनेक शहरांत स्थानिक पातळीवर रबरी शिक्के करून काम भागविले गेले. त्यामुळे या एका तिकिटाचे इतके नमुने झाले की संग्राहक अजून ते हुडकीत असतात. १ डिसेंबरला निर्वासितांचे चित्र असलेले नवे, लालसर तिकीट आले.

तेव्हा आंतर्देशीय पत्र १५ पैशांना आणि पाकीट २० पैशांना होते. त्यावर पाच पैसे म्हणजे आंतर्देशीयाला तिसरा हिस्सा जास्त. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रांचे टपाल यांना सूट होती. भिगवण, डाळज, पळसदेव या पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या गावांतून मुंबईच्या गिरणीत किंवा पलटणीत असलेल्या पोराला बहुतेक घरे कार्डच टाकीत, त्यामुळे कार्डापुरती ती या करातून सुटली. मात्र घरातली बाब उघड्यावर लिहायची नसली, तर आंतर्देशीय घ्यावे लागे आणि त्यावर निर्वासितांचे तिकीट चिकटवावे लागे. इंदापूरला बाजाराला किंवा कचेरीत निघालेल्याच्या एसटीच्या तिकिटातही तो भार होता. गरिबाला पूर्ण वगळणारा कर नव्हता तो, पण गरिबाचे कार्ड वगळण्याइतके भान त्यात होते.

हे पैसे देणाऱ्या प्रदेशाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. १९७० पासून महाराष्ट्रात पाऊस ओढ देत होता. बारामती आणि इंदापूरचा जिरायती भाग आधीच अवर्षणाचा. शिवाय भीमेवर उजनी धरणाचे काम चालू होते. त्याची कोनशिला १९६६ मध्ये चव्हाणांच्याच हस्ते बसली होती. नदीकाठच्या इंदापूर तालुक्यातल्या गावांना आपली काळी जमीन आणि घरे पाण्याखाली जाणार हे ठाऊक झाले होते, आणि राज्याचा पुनर्वसनाचा कायदा यायला १९७६ उजाडायचे होते. दिल्लीत पुनर्वसन खाते सांभाळणारा मंत्री बारामतीचा खासदार आणि बंगालमधल्या विस्थापितांसाठी पाच पैसे देणारा भीमाकाठचा शेतकरी स्वतः विस्थापनाच्या वाटेवर. सरकारच्या कोणत्याही कागदावर या दोन गोष्टी शेजारी मांडलेल्या नाहीत, पण घडल्या त्या एकाच काळात.

निर्वासितांनी परत जायचे आहे, ही भूमिका सरकारने पहिल्या दिवसापासून घेतली होती. त्याआधीच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना दंडकारण्य परिसरातल्या योजनांत वसविले गेले. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा-चामोर्शी भागातली बंगाली गावे त्यांचीच. २५ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना मात्र कुठेही जमीन देण्यात आली नाही. ही भूमिका कठोर वाटते, परंतु तिच्यामुळेच छावण्या तात्पुरत्या राहिल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली आणि १ जानेवारी १९७२ पासून परतीची व्यवस्था सुरू झाली. बैलगाडी, ट्रक, रेल्वे आणि पुन्हा पायी. प्रत्येक कुटुंबाला वाटेपुरते आणि पुढच्या दोन आठवड्यांचे धान्य दिले जाई. फेब्रुवारीअखेर ९० लाखांहून अधिक लोक परतले होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात छावण्यांत सुमारे ६० हजार उरले. इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या लवकर निर्वासित घरी परतल्याचे दुसरे उदाहरण त्या शतकात सहजी सापडत नाही.

कर मात्र लगेच उठला नाही. छावण्या रिकाम्या झाल्यावर वर्षभर लोक टपालावर पाच पैशांचे तिकीट लावीतच होते. ते बंद झाले ३१ मार्च १९७३ रोजी. तोवर महाराष्ट्रातला दुष्काळ तिसऱ्या वर्षात शिरला होता. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या भाकरीत अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि पोरांच्या हातात सुकडी होती. त्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती.